आईला भूक लागावी म्हणून

किस्से घडताना किस्से नसतात. घडताना ती नुसती धडधड असते, घाम असतो. मग पुढे कधीतरी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबे उघडताना कुणीतरी विचारतं, "काय गं, आईची तब्येत कशी आहे?" आपण सांगायला लागतो, समोरच्या बायका पोट धरून हसतात, आणि आपल्याला कळतं, अरे, याचा किस्सा झाला की! माझ्याकडे असे पुष्कळ साठलेत. आणि गंमत म्हणजे सगळे एकाच शनिवार-रविवारचे.

मी बुलढाण्याला एका शाळेत शिकवते. आई मेहकरला एकटी राहायची. हिवाळ्यात तिच्या छातीत दुखलं, स्टेंट टाकावा लागला, आणि मी तिला माझ्या घरी घेऊन आले. रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. फक्त आई जेवेनाशी झाली.

दोन घास खायची आणि ताट सरकवायची. "बस झालं." ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. मी पुन्हा डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "माझं काम झालं. आता यांना जेवतं करायचं काम तुमचं. तेल-मीठ सांभाळा, पण यांना आवडेल ते द्या."

बाहेर येऊन मी गाडीत आईला विचारलं, "आई, तुले काय आवडते?"

आई विचार करायला लागली. खूप वेळ केला. मग म्हणाली, "तुले वरण-बट्टी आवडते. दादाले पाटवडी. तुह्या बाबाले भरीत लागे."

"अन् तुले?"

"मले?" ती काचेबाहेर बघत राहिली. "सिलेबसच्या बाहेरचं काऊन इचारून राह्यली वं?"

*

म्हणून मी ठरवलं, आईला गाडीत घालायचं आणि जिल्हाभर खायला घालत फिरायचं. कुठेतरी काहीतरी तिच्या तोंडाला लागेलच!

नवऱ्याला सुट्टी नव्हती. म्हणजे ड्रायव्हर मी. मी गाडी शिकले ती चाळिशीनंतर, आणि आजवर घर ते शाळा, शाळा ते घर, एवढाच माझा हायवे.

निघायच्या आधीच पुण्याहून दादाचा फोन. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. तो काळजी फोनवरून करतो, आणि स्पीकरवर टाकायला लावून करतो.

"गोळ्या घेतल्या? बीपीचं मशीन घेतलं? लोकेशन शेअर कर. आणि हे बघ, शेगावच्या कचोरीचं नाव काढायचं नाही हं! कचोरी अजिबात नाही! तिच्यासमोर कचोरीचा विषयसुद्धा नको!"

आई शांतपणे म्हणाली, "बापा, मघापासून कचोरी कचोरी तूच करून राह्यला."

दहा मिनिटांनी परत फोन. "कुठपर्यंत पोचलात?"

मी रिव्हर्स घेताना गेटला गाडी घासली होती आणि घाम पुसत बसले होते. आई फोनमध्ये वाकून म्हणाली, "अजून घरातूनच निंघून राह्यलो."

*

पहिला थांबा चिखलीच्या अलीकडे एका ढाब्यावर. पाटवडी-रस्सा. लालभडक तर्री, वर कोथिंबीर. वासानंच माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

मी मालकाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "भाऊ, हार्टचं पेशंट आहे. तर्री काढून द्या."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, तर्री काढली त मंग राह्यते काय?"

तरी बिचाऱ्यानं काढून दिली. आईनं वडीचा तुकडा तोडला, तोंडात घातला, बराच वेळ घोळवला. मी तिच्या जबड्याकडे बघत होते. गिळला का? आता दुसरा घेईल का?

आई म्हणाली, "माह्या तोंडाकडं पाहू नको. घास अडकते."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. परत वळले तर ताट सरकवलेलं!

मालक धावत आला. "काकू, बिघडली का वडी?"

"नाई रे बापा, चांगली हाये. माह्याच तोंडाले चव नाई."

झालं. ते शब्द सगळ्या ढाब्यानं ऐकले. शेजारच्या टेबलावरचा ट्रॅक्टरवाला म्हणाला, "कारल्याचा रस द्या, सकाळी अनाशापोटी." त्याच्या मागचा म्हणाला, "ओवा चावाले लावा." एका बाईनं आलं-लिंबू सांगितलं. कुणीतरी उठून आईची नाडीसुद्धा बघितली! मी प्रत्येकाला मान डोलवत होते, आणि आत आत मला रडायला येत होतं. एवढे सगळे सांगतायत म्हणजे खरंच ती इतकी खंगलेली दिसत असेल?

आईनं पदर सावरला आणि मला म्हणाली, "पोरी, एवढे डॉक्टर इथंच होते त आपून दवाखान्यात कायले गेलो?"

*

दुसरा किस्सा मेहकरचा.

तिथे एका घरी ऑर्डरप्रमाणे मांडे करून देतात. मांडे म्हणजे आमच्याकडची ती लांबलचक, तलम पुरणाची पोळी. ती हातावर लांबवत नेतात आणि उलट्या मडक्यावर भाजतात. आईच्या ओळखीतलं घर, बसायला खुर्च्या, समोर चूल. पोळी करणाऱ्या बाईच्या दोन्ही हातांवर ती पोळी ओढणीसारखी लोंबत होती. आई पुढे सरकून बघत होती. किती दिवसांनी तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं! मी मनात म्हटलं, लागलं! आता मागेल!

आणि आईचा हात एकदम छातीवर गेला.

तिनं डावीकडे गच्च दाबून धरलं. डोळे मोठे केले. तोंड उघडलं, पण शब्द नाही.

"आई!"

मी खुर्ची पाडून उठले. जिभेखालची गोळी पर्सच्या कुठल्या कप्प्यात आहे, ते मी रोज पाठ करत होते. त्या क्षणी मला पर्स उघडताच येईना! चेन अडकली. मी पर्स उलटी करून सगळी जमिनीवर ओतली. "पाणी आणा! गाडी काढा! रिक्षा!" गाडी माझीच होती, चावी माझ्याच हातात होती, आणि मी ओरडत होते, गाडी काढा! पोळी करणाऱ्या बाईच्या हातावरची पोळी चुलीत पडली. कुणीतरी आईला वारा घालायला लागलं.

आईनं शांतपणे ब्लाउजमध्ये हात घातला आणि आतून मोबाईल काढला. तो थरथरत होता.

"दादा हाये," ती म्हणाली. "तू उचलत नाई म्हणे. घे, बोल."

*

आम्ही परतीची वाट धरली. मांड्यांतलं आईनं तळहाताएवढं खाल्लं होतं, तेही त्या घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून.

मी म्हटलं, "आई, तू घरी सैपाक करे तवा त जेवे ना पोटभर?"

"कोण जेवे? चाखता चाखताच पोट भरे." मग थोडं थांबून, "मीठ पाहाचं, तिखट पाहाचं. भूक लागली का, ते पाहाले सवड कोणाले होती?"

मी गिअर बदलायचं विसरले. गाडी धडधडत बंद पडली. मागून हॉर्नवर हॉर्न.

आई म्हणाली, "जाऊ दे, आता रडू-गिडू नको. पह्यले गाडी चालू कर. मागचा शिव्या देऊन राह्यला."

*

रविवारी मोताळ्याला जायचं होतं. तिकडची वरण-बट्टी आणि मिरचीची भाजी. पण बुलढाण्याहून मोताळ्याला जायचं तर मध्ये राजूर घाट.

घाट मी कधीच चालवला नव्हता. शनिवारचा अनुभव बघता जाऊ नये असं मलाच वाटत होतं. पण सकाळी आईनं अर्धा कप चहा घेतला आणि बिस्किटाला हातसुद्धा लावला नाही. मी चावी उचलली.

पहिल्या वळणावर समोरून ट्रक. दुसऱ्या वळणावर मागून एसटी. डावीकडे दरी. माझे तळवे इतके घामेजले की स्टिअरिंग निसटतंय असं वाटायला लागलं. आणि शेजारी आई एकदम गप्प. एरवी बोलणारी आई, चकार शब्द नाही. मी समोर बघत हाक मारली, "आई?"

मी परत हाक मारली.

"आई, बरं वाटून राह्यलं ना? आई! बोल ना वं!"

"मी बोलली त तू माह्याकडं पाहशीन," आई दातांवर दात ठेवून म्हणाली. "समोर पाह्य!"

घाटातच जरा रुंद जागा बघून मी गाडी कडेला लावली. खाली उतरले आणि सरळ दगडावर बसले. आईनं बाटलीतलं पाणी माझ्या तोंडावर मारलं, पदरानं वारा घातला, साखरेची पुडी काढून माझ्या तोंडात चिमूट घातली.

एक मोटारसायकलवाला थांबला. त्यानं गाडीच्या मागच्या काचेतून बीपीचं मशीन, गोळ्यांची पिशवी बघितली. "मावशी, काही मदत पाह्यजे का? पेशंट कोण हाये?"

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे."

*

मोताळ्याला पोचलो तर आठवडी बाजार भरलेला. पाय ठेवायला जागा नाही. मी गाडी एका कडेला घेतली, आईला म्हटलं, "इथंच बस, मी हॉटेल कुठं हाये ते इचारून येतो." पाच मिनिटांत आले.

गाडीचं दार उघडं. सीट रिकामी. चपला गाडीतच. मोबाईल सीटवर, आणि तो वाजत होता.

दादा.

मी उचलला. "आई काय करतेय?"

"आई ना?" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आई बाजार बघतेय."

"खातेय का काही?"

"ठेवते," मी म्हटलं आणि पळत सुटले.

मिरच्यांचे ढीग, दोरखंड, पाट्यांखाली कोंबड्या, कपड्यांची दुकानं. ऊन डोक्यावर. अनवाणी कुठे गेली असेल? चक्कर आली असेल तर? गर्दीत पडली तर कुणाला कळणार? मी दिसेल त्याला विचारत होते, "पांढऱ्या केसांची बाई पाहिली का? हिरवं लुगडं?"

"ताई, अशा त बाजारात पन्नासेक असतीन!"

एक जण माईकवर उंदराचं औषध विकत होता. मी त्याच्या हातापाया पडले. त्यानं लगेच औषध थांबवलं आणि पुकारलं, "ऐका हो! एक बाई हरवली हाये! हिरवं लुगडं, पायात चप्पल नाई, हार्टची पेशंट हाये!" हार्टची पेशंट हे शब्द सगळ्या बाजारावर घुमले आणि मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. लोक वळून वळून बघायला लागले. एक म्हातारी माझ्या हाताला धरून म्हणाली, "लिंबाखाली पाह्य माय. तिकडं बाया जेवून राह्यल्या."

मी गेले.

कडुलिंबाच्या सावलीत भाजी विकणाऱ्या बायका गोल करून बसलेल्या. मधे फडकी सोडलेली. आणि त्यांच्यात आई. मांडी घातलेली, पाय धुळीनं माखलेले, तळहातावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, भाकरीवर ठेचा. शेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा.

वांगी विकणारी एक बाई मला म्हणाली, "तुही माय हाये का वं? उभी राहून पाहे नुसती. मी म्हणलं, ये माय, बस."

आईचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिनं भाकरीचा शेवटचा तुकडा ठेच्यात पुसला, तोंडात घातला. नाकातून पाणी वाहत होतं. ते मनगटानं पुसलं. मग त्या बाईपुढे हात केला.

"अजून अर्धी दे वं."

मी उभी होते तिथेच मटकन खाली बसले.

आता कुठे आईनं वर बघितलं. माझा चेहरा, माझे डोळे. भाकरीचा मोठा घास गालात तसाच ठेवून, जरा वैतागूनच ती म्हणाली,

"काऊन वं, तू काऊन रडून राह्यली? ठेचा त मी खाल्ला!"