बॉनेटमधला भक्त

सिद्धेश्वराच्या तळ्याकडे तोंड करून सांगतो, या किश्श्यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक जागा सोडून. पण माझी जी फजिती झाली ती मात्र अस्सल, तिला मी बोटही लावलेलं नाही. अहो, अशी फजिती रचायला डोकं लागतं, आणि डोकं असतं तर ती झाली असती का?

तर खंडेनवमीचा दिवस. आमचे वडील, अण्णा, केम गावी एकटे राहतात. रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते, कुर्डुवाडीहून रिटायर झाले. आई गेल्यापासून त्यांनी केम म्हणून सोडलेलं नाही. दिवाळी नाही, कुणाचं लग्न नाही, कशालाच नाही. आणि यंदा काय वाटलं कोण जाणे, फोनवर म्हणाले, "दसऱ्याला येतो." आमची बायको मंगल स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायला लागली. विचारलं तर म्हणे, कांदा चिरतेय. समोर कांदा नव्हताच!

मी म्हटलं, "अण्णा, जेवून गाडी घेऊन येतो. दिवेलागणीला आपण सोलापुरात."

अण्णांनी अट घातली. "गाडीचे दोनी दिवे लागत्यात का? एका डोळ्याच्या गाडीत मी बसणार न्हाय. दिव्याबिगर इंजिन हाकलं न्हाय मी कधी."

आणि नेमका आमच्या गाडीचा एक दिवा गेलेला! आता बोला!

तडक सिद्रामच्या गॅरेजवर गेलो. शटर अर्धं खाली, आत उदबत्त्यांचा धूर. पाने, पकडी, जॅक, सगळे टेबलावर ओळीनं मांडलेले आणि वर झेंडूची फुलं.

"सिद्राम, एवढा एक बल्ब बदलून दे."

"मालक, हत्यारं पूजेला बसल्यात की. आज हात लावत न्हाय."

"अरे, बल्बला हत्यार कशाला? हातानं बसव."

सिद्राम हसला. दाढ काढताना दुखेल का विचारणाऱ्या पेशंटकडे बघून डॉक्टर हसतो ना, तसा. "मालक, ह्या गाडीत आदी बंपर काडायचा, मग दिव्याचं खोकं सोडवायचं. बल्ब लई शेवटी येतोय." मग फळीवरचा नवा बल्ब माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बल्ब काय हत्यार न्हाय. त्यो न्या."

मला सांगा, आपल्या जुन्या स्कूटरचा बल्ब बदलायला काय लागायचं? एक स्क्रू फिरवला, काच निघाली, बल्ब बसला. चहा गार व्हायच्या आत काम फत्ते! मी ठरवलं, बंपरबिंपर काही नाही. आपण वरूनच हात घालायचा.

ड्रायव्हरच्या सीटवर बसून दिवे लावले आणि मंगलला पुढं उभं केलं. "कुठला गेलाय गं?"

"उजवा!"

झालं. बॉनेट उघडलं. उजव्या दिव्याची पाठ दिसत होती, पण मध्ये बॅटरी, आणि बॅटरी न् पत्र्यामधल्या फटीतून उंदीरसुद्धा अंग चोरून गेला असता. शिवाय आत एक बोल्ट. त्याला दहा नंबरचा पाना हवा. आणि आमचे पाने? देवघरात, पूजेला! सकाळी मंगलनं स्वतः हळदकुंकू वाहून दटावलेलं, "उद्यापर्यंत हात लावाल तर बघा."

मी पाना उचलला आणि झेंडूखाली एक चमचा सरकवून ठेवला. देवाला काय, लोखंड नाही तर स्टील!

कासार लहान मापाची बांगडी भरताना हात चेपतो, तसा चेपून मी हात आत घातला. बोल्ट सोडवला. बल्ब बदलला. हो, बदलला! बोल्ट परत आवळला, आणि हात मागं घेतला तर येईना. पाना धरलेली मूठ फटीतून निघत नव्हती. मूठ सोडावी तर पाना गाडीच्या पोटात, आणि देवघरात चमचा! मग मंगल मला पूजेला बसवेल!

तेवढ्यात शेजारच्या लक्ष्मीअक्का आरतीचं ताट घेऊन त्यांच्या स्कूटरला ओवाळायला आल्या. बघतात तर मी बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत वाकलेला, डोळे मिटलेले, कळ सोसताना ओठ हलतायत.

"अय्यो! काय भक्ती म्हणायची!" अक्का ओरडल्या. "मंगल, बघ की, तुझा नवरा गाडीसमोर कसा लीन झालाय. आमचे हे नुसता हार टाकून मोकळे!"

"अक्का, माझा हात..."

"हात जोडले नाहीत तरी चालतंय हो. मनातून पाहिजे."

त्यांनी आधी गाडीला कुंकू लावलं, मग माझ्या टकलाला. मंगल बाहेर आली, माझ्याकडे इतक्या कौतुकानं बघायला लागली की लग्नातही बघितलं नव्हतं. अशा वेळी कुठल्या तोंडानं सांगणार, बाई, तुझा पाना चोरलाय म्हणून? कॉलनीतल्या दोघीचौघी ताटं घेऊन आल्या. टायरपाशी नारळ फुटला, त्याचं पाणी माझ्या पँटवर. हार बॉनेटला पुरेना, तो माझ्या पाठीवर पसरला.

आणि रिक्षा थांबली. पिशवी, काठी, पांढरी टोपी. अण्णा! माझी वाट न बघता सरळ रेल्वेनं आले.

"ह्याला काय झालं?"

"अण्णा, पूजा चाललीय त्यांची," मंगल त्यांच्या पाया पडत म्हणाली.

अण्णांनी बॉनेटमध्ये डोकावून बघितलं. "पाना सोड. हात निगंल."

"कुठला पाना?" मंगल म्हणाली.

मी मूठ उघडली. टिण्, टिण्, टण्! पाना जो आत गेला तो अजून आतच आहे. वळण आलं की वाजतो.

मंगल देवघरात गेली आणि चमचा घेऊन बाहेर आली. पुढचं सांगत नाही. तुमचीही लग्नं झालेली आहेत.

निदान दिवा तरी दाखवावा म्हणून मी आत बसून बटण दाबलं. अण्णा पुढं उभे. "गाडीचा उजवा लागला की रं. डावा बंद हाय."

"डावा? मंगल, तू उजवा म्हणाली होतीस ना?"

"माझा उजवा! मी पुढं उभी होते, तुमच्याकडे तोंड करून!"

म्हणजे चांगला चालू बल्ब काढून मी तिथं नवा घातला होता. दुखऱ्या दाताच्या समोरचा उपटल्यासारखा!

आता ती एक जागा. बाकी सगळं घडलं, पण अण्णांची दिव्याची अट मी रचलीय. रेल्वेचं तिकीट त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. मीच हट्टाला पेटलो, "अण्णा, दोन्ही दिवे लखलखीत करून आणतो, मग तर बसाल माझ्या गाडीत?" तर इंजिनं हाकण्यात आयुष्य गेलेला तो माणूस फोनवर म्हणाला,

"नगं रं बाबा. उजेडात तुजं गाडी हाकणं दिसतंय, म्हणून तर मला भ्या वाटतंय!"