कंबर निघाली पोलादपूरला

शाळेच्या हॉलमध्ये वीस पोरं एकदम स्प्लिटला, म्हणजे एक पाय पुढे आणि एक मागे ताणून बसली, की किस्से आपोआप जमत जातात. महाडच्या आमच्या शाळेत मी भूगोल शिकवते आणि संध्याकाळी अनघा मॅडमच्या जिम्नॅस्टिक्स क्लासला मदतनीस म्हणून उभी राहते. मॅडम स्वतः एके काळच्या खेळाडू. आमच्याकडे गाद्या आठ आणि किस्से ऐंशी! गाद्यांना निदान ऊन दाखवता येतं. किस्से बाहेर काढायचे, तर असे चार जण बसलेले लागतात. म्हणून सांगते.

*

कोर्टात वकिली करणारे एक पालक आपल्या लेकीला, ओवीला घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, हिला स्प्लिट येतो. थेट स्पर्धेलाच घ्या."

ओवी एका झटक्यात जमिनीवर! वडिलांनी फोटोसाठी मोबाइलही काढला. मॅडम तिच्याभोवती शांतपणे एक फेरी मारून आल्या. मागचा गुडघा बाहेर वळलेला, कंबर एका बाजूला कलंडलेली.

"ओवी, तोंड महाडकडे आहे, पण कंबर पोलादपूरला निघालीय गं!"

वकीलसाहेब पोरीची बाजू मांडायला पुढे आले. "पण जमिनीला टेकली ना?"

"साहेब, तांदळाची गोणी टाकली तरी ती जमिनीला टेकते!"

माणूस दिलदार. मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मान्य! पहिल्यापासून शिकवा."

मग ओवी दोन महिने खाली न टेकता, दोन्ही हातांखाली जाड पुस्तकं ठेवून, कंबर सरळ धरून बसली. पुस्तकं वडिलांनीच पाठवली होती. सगळी कायद्याची!

*

कंबर सरळ म्हणजे नेमकं काय, हे लहान पोरांना कळत नसे. मग मॅडमनी युक्ती काढली. कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर हात ठेवायचे. "हे तुमचे दोन हेडलाइट. दोन्हींचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला पाहिजे!" पोरांना हे इतकं पटलं, की बाकीचं काही सांगावंच लागेना.

क्लासमधल्या तन्वीचे बाबा ट्रक चालवतात, कशेडी घाटातून नेहमीची ये-जा. एकदा ते तिला न्यायला आले आणि गेटबाहेर ट्रक लावून थांबले. आतून मॅडमचा खणखणीत आवाज, "डावा हेडलाइट झाडीत चाललाय! सरळ कर!"

थोड्या वेळाने मी बाहेर येऊन बघते, तर बाबा ट्रकसमोर उकिडवे बसून डावा दिवा पुसतायत!

"बाई, लागतोय की बरोबर," ते म्हणाले. "पण मॅडमना आतनं दिसलं कसं?"

*

हा किस्सा माझ्यावरचाच आहे, पण सांगते.

मॅडमचा एक नियम आहे. स्प्लिटमध्ये बसलेल्या मुलाला वरून दाबायचं नाही. कधीच नाही. एका संध्याकाळी एक मुलगी जमिनीपासून अगदी थोडक्यात अडकली होती. मला वाटलं, जरासा हात लावला की जाईल खाली. मी तिच्या खांद्यावर जोर दिला. ती ओरडली नाही, फक्त तिने श्वास धरला.

मॅडमनी ते पाहिलं. क्लास सुटल्यावर मला म्हणाल्या, "बसा स्प्लिटला. जमेल तेवढं."

मी चव्वेचाळीस वर्षांची! जेमतेम अर्ध्यावर पोचले आणि मांड्या थरथरायला लागल्या. मॅडम मागे आल्या आणि माझ्या खांद्यांवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, दाबू नका हं!" मी जवळजवळ किंचाळलेच.

"मी अजून काही केलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "काय वाटतंय?"

"भीती."

"झालं. उठा."

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला 'सॉरी' म्हटलं. ती म्हणाली, "बाई, मॅडमनी तुम्हालापण स्प्लिटला बसवलं का?"

*

सोनाली पोलादपूरकडच्या उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली. घरी शेळ्या, थोडी नाचणी. शाळेसाठी महाडला मामाकडे राहते. एकदा तिची आई बाजाराला आली ती थेट हॉलमध्येच शिरली. लेक पाय ताणून बसलेली पाहून घाबरली.

"अगो बाय, पोरीचा पाय मोडंल ना!"

मॅडमनी तिला खुर्ची दिली. "बसा ताई. कुणी तिला हात लावलेला दिसला, तर लगेच घेऊन जा."

आई तासभर बसून राहिली, डोळ्याची पापणी न लववता. निघताना म्हणाली, "आमी करडाला पयल्यांदा उभा राहाताना हात लावत नाय. नुसता जवळ बसतो. तुमी बी तसाच करताव. चांगला हाय."

ती गेल्यावर मॅडमनी तिची खुर्ची उचलून भिंतीला लावली. मग मला म्हणाल्या, "हे कळायला मला सगळं खेळायचं वय घालवावं लागलं हो!"

*

आणि मागच्या वर्षीची जिल्ह्याची स्पर्धा. त्या दिवशी जमिनीवरच्या प्रकारात सोनाली सगळ्यांच्या शेवटी उतरणार होती. आधीच्या बहुतेक मुली धप्पकन पूर्ण खाली गेलेल्या, कंबर वाकडी करून का होईना. टाळ्याही पडलेल्या.

सोनाली स्प्लिटला उतरली. पुढचा पाय सरळ, मागच्या गुडघ्याची वाटी जमिनीकडे, पाठ ताठ, कंबर अगदी समोर. आणि जमिनीपासून चार बोटं वर थांबली. कंबर जरा वळवली असती, तर टेकली असती. गुणही वाढले असते. तिला ते ठाऊक होतं, आम्हालाही. मॅडमनी माझं मनगट घट्ट पकडलं होतं. पोरगी हलली नाही. तशीच थांबली, मोजून वेळ पूर्ण केली आणि उठली.

नंबर आला चौथा. पदक थोडक्यात हुकलं.

बक्षिसं झाल्यावर एक वयस्कर पंचबाई मुद्दाम आमच्याकडे आल्या. सोनालीसमोर वाकून म्हणाल्या, "बाळ, इतकं सुंदर उतरलीस. मग थोडक्यासाठी थांबलीस का? जमिनीपर्यंत का नाही गेलीस?"

सोनालीने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा पंचबाईंकडे.

"जाईन की," ती म्हणाली. "जमीन काय कुठं जातेय?"