हिरामावशीनं मिशनची खिचडी खाल्ली नाही

हिरामावशी मार्केट यार्डात कांदा निवडायला जाते. लग्न होऊन येरवड्यात आली तेव्हापासून तिचा हाच धंदा. गाळ्यावर पोती ओतली की बाया भोवती बसतात आणि चांगला कांदा एका अंगाला, सडका दुसऱ्या अंगाला टाकत जातात. बाकीच्या बाया नजरेनं निवडतात. हिरामावशी एकेक कांदा देठापाशी अंगठ्यानं दाबते. वरून लालबुंद आणि आतून लिबलिबीत असा एखादा सापडला की तिचं तोंड असं खुलतं, जशी काय लॉटरी लागली. "दिसतोय बग कसा नवरदेवावानी," म्हणते आणि देते भिरकावून.

यार्डातली ही खोड तिनं घरी आणली. नळावर तुम्ही नुसतं "बरी हायेस का मावशी?" विचारा. ती म्हणणार, "का? काय पायजे?"

नवरा पोपटमामा तिच्या अगदी उलट. एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. जो हसून बोलेल तो त्याचा मित्र. मावशी म्हणते, "ह्यांना गेटावर का ठिवलंय त्येच मला कळत न्हाय. चोर आला तर च्या पाजतील."

दोघांना एकच पोरगी, पूर्वा. पोरगी हुशार. यंदा तिचा नर्सिंगला नंबर लागला, राखीव जागेवर. पण कॉलेजनं सांगितलं होतं की जात पडताळणीचा दाखला मुदतीत आणून द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. सगळा जीव त्या एका दाखल्यात अडकला होता.

अशात धरणावरून पाणी सुटलं आणि नदी वस्तीत आली. आमच्याकडं ती पायरीपर्यंत नेहमीच येते, पाव्हण्यासारखी विचारपूस करून माघारी जाते. यंदा घरात शिरली आणि मुक्कामाला राहिली. पाणी ओसरलं तेव्हा मावशीच्या घरात चिखल, त्यात मेलेले उंदीर, आणि पत्र्याच्या पेटीत पूर्वाच्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्याचा लगदा. पूर्वानं तो लगदा पत्र्यावर वाळत घातला. वाळल्यावर त्याची पापडी झाली, अक्षर एक राहिलं नाही. पडताळणीच्या हापिसात सांगितलं, ठीक आहे, आमचा माणूस घरी येईल, चौकशी करेल, मग बघू.

आता वस्तीत मदतवाले यायला लागले. पाण्याच्या बाटल्यावाले आले, बाटलीसकट फोटो काढून गेले. चादरवाले आले, त्यांनी चादरीपेक्षा फलक मोठा आणला होता. ह्या लोकांचं एक बरं असतं, त्यांना काय पाहिजे ते कळतं. फोटो पाहिजे, मत पाहिजे. देऊन टाकायचं.

मिशनवाले आले ते फावडी आणि घमेली घेऊन. करुणा मंडळी म्हणून कुठली तरी होती. त्यांच्यात एक सरोजिनी पाटोळे नावाची बाई, उतारवयाची, मूळची राहुरीकडची. आली ती पदर खोचून थेट आमच्या मोरीत उतरली आणि गाळ उपसायला लागली. खरं सांगतो, मी तिथंच सावध झालो. बाहेरचं माणूस आपल्या मोरीत हात घालतंय म्हणजे त्याला आपल्याकडून काहीतरी मोठंच पाहिजे असणार.

हिरामावशीनं तर दारात खाट आडवी लावली.

"ताई, चिखल काढून देऊ का?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"आन त्याच्या बदल्यात?"

"काही नाही."

"फुकट तर नदीबी आली न्हाय. बगा काय काय घिऊन गेली."

मावशीची भीती उगाच नव्हती. आम्ही सगळे बौद्ध. छप्पन साली आज्यांनी धम्म घेतला आणि पुढं लढून सवलतही मिळवली. पण ख्रिस्ती झालं की अनुसूचित जातीची सवलत जाते, हे वस्तीत शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पूर्वाचा दाखला अधांतरी असताना दारात क्रॉसवाली बाई दिसली तरी मावशी खाट पुन्हा आडवी लावायची. मिशनच्या पोरांनी फोटोला मोबाईल वर केला की ती तोंडापुढं घमेलं धरायची. खिचडीचं पातेलं आलं की पूर्वाला घरात कोंडायची आणि स्वतः शिळी भाकरी चटणीबरोबर दारात बसून खायची, सगळ्यांना दिसेल अशी.

एकदा समाजमंदिरात खिचडीआधी त्यांच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली. तरणा माणूस, मन लावून म्हणत होता. प्रार्थना संपली आणि आमच्या बायांनी सवयीनं हात जोडून एका सुरात म्हटलं, "साधु! साधु! साधु!" विहारात वंदना झाली की म्हणतो तसं. पाळकसाहेबाचं 'आमेन' तोंडातच राहिलं. सरोजिनीबाई मात्र पदर तोंडाला लावून गदगदा हसत होत्या.

मावशी तिथं नुसती नजर ठेवायला आलेली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "हसतीय बग. जाळ्यात मासा आल्यावर कोळी असाच हसतो."

मी एकदा बाईंना उघडच विचारलं, "बाई, तुमाला आमी ख्रिस्ती व्हावं वाटतं का न्हाय?"

"वाटतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? रोज वाटतं. पण आधी तुमची मोरी मोकळी करू द्या."

हे ऐकून माझा संशय कमी व्हायला पाहिजे होता. तो वाढला. इतकं खरं बोलणारं माणूस मी पुण्यात पाहिलेलं नव्हतं.

मग तो दिवस आला. मावशी घरातला उरलासुरला चिखल घमेल्यात भरत होती. पूर्वा कॉलेजात मुदत वाढवून मागायला गेलेली. पोपटमामा दारात बसून दाढी करत होता आणि त्याच्या अंगात मिशननं वाटलेला शर्ट होता. त्याचे सगळे कपडे नदीनं नेलेले. मावशीनं तो शर्ट दोनदा फेकला, त्यानं दोनदा उचलून आणला. पाठीवर ठसठशीत अक्षरात छापलेलं, 'येशू माझा तारणारा'.

एक गृहस्थ आले. साधा शर्ट, चष्मा, काखेत फाईल. "पोपट साळवे इथेच राहतात का? जरा माहिती हवी होती."

"कसली?" मावशीनं विचारलं.

"मूळ गाव कोणतं आपलं?"

"पारनेरकडं."

"पूर्वी घरात कुलदैवत कोणतं होतं?"

मावशीचा हात थांबला.

"लग्नं कशी लावता? घरात प्रार्थना कोणती होते? मयत झालं तर पुरता की जाळता?" आणि बोलता बोलता गृहस्थाची नजर पोपटमामाच्या पाठीवर गेली. "अच्छा. हा शर्ट कधीपासून?"

मावशीचं टाळकं सरकलं. "आता घरात घुसून डोकी मोजायला लागला का रं? मयताची चौकशी करतोय! त्या बाईनं धाडलं न्हवं तुला?"

"अहो बाई, मी धर्म वाटायला आलेलो नाही. मी पडताळणी समितीकडून आलोय. हे माझं ओळखपत्र."

"असली कार्डं गाडीतळावर धा रुपयाला छापून मिळत्यात. परवा एक जन कलेक्टर हापिसातनं आलोय म्हनाला, आन पिशवीतनं येशूचा फोटू काढला."

"हे बघा, तुमच्या मुलीचा..."

"पोरीचं नाव काढू नगंस!" असं म्हणून तिनं अख्खं घमेलं त्यांच्या बुटांवर पालथं केलं.

गृहस्थांनी बूट झटकले. मग शांतपणे म्हणाले, "बरं. नोंद घेतो," आणि निघाले.

पोपटमामाचा अर्धा गाल साबणाचा. तो म्हणाला, "हिरे, मला त्यो मानूस खरा वाटला गं."

"तुमाला समदेच खरं वाटत्यात!" मावशी ओरडली. मग रस्त्यावर जाणाऱ्या त्या पाठीकडं बघत ती खाटेवर बसली. कांदा दाबायच्या आधीच फेकला गेला, हे तिला तेवढ्यात उमगलं असावं.

मी नळावर होतो. तिथं सरोजिनीबाई खिचडीचं पातेलं घासत होत्या. गृहस्थ बूट धुवायला तिथंच आले.

"तुम्ही इथल्याच का?" त्यांनी बाईंना विचारलं. "त्या साळव्यांच्या घराबद्दल विचारायचं होतं. पडताळणीचं काम आहे. ते लोक ख्रिस्ती झालेत, असं दिसतंय. नवऱ्याच्या अंगावर तर जाहिरातच आहे."

मी भरलेली बादली खाली ठेवली. मिशनच्या लोकांना वर काहीतरी दाखवावं लागत असणार, की एवढी घमेली उपसली त्यातून एवढी घरं आली. आता एक घर आपोआप पदरात पडत होतं. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी पूर्वाची जागा गेली असती. मी मधे बोलायला तोंड उघडलं, पण बाई आधी बोलल्या.

"कोण, हिराबाई? ती ख्रिस्ती व्हावी म्हणून मी उपास धरलाय. झाली असती तर आज सोडला असता."

"म्हणजे?"

"मी सरोजिनी पाटोळे. ख्रिस्ती, तिसरी पिढी. ह्या वस्तीत मीच घरोघरी फिरते. त्या घरानं आमचा तांदळाचा दाणा घेतला नाही. खिचडी नाही, चादर नाही. समाजमंदिरात प्रार्थनेला सगळ्या बायांनी डोळे मिटले, हिनं एकदाही मिटले नाहीत."

गृहस्थांनी चष्म्यावरून बघितलं. "प्रार्थनेत तिचे डोळे उघडे होते हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझेपण उघडे होते. नव्या वस्तीत कोण डोळे मिटून बसतं, साहेब?"

"आणि तो शर्ट?"

पोपटमामा मागोमाग आलाच होता, गालावरचा साबण तसाच. "साहेब, माजं समदं धडुतं नदीनं न्हेलं. आन शर्टावर काय जातंय? मागल्या निवडणुकीत मी तीन पक्षांची शर्टं घातली हुती."

"मत कुणाला दिलंत?"

"त्ये हिरीनं सांगितलं त्याला."

गृहस्थ हसले नाहीत, पण फाईल उघडली. "बाई, धर्म द्यायला तुम्हीच आलात आणि दिला नाही हेही तुम्हीच सांगताय. लिहून द्याल?"

"द्यायला गेले होते. तिनं घेतला नाही. लिहून देते."

तिथंच पातेल्याच्या बुडावर कागद ठेवून त्यांनी लिहून दिलं. नंतर आम्ही सगळे मावशीच्या घरी गेलो. मावशी बसली होती तिथंच होती.

"हे खरंच पडताळणीचे साहेब आहेत, हिराबाई," सरोजिनीबाई म्हणाल्या.

मावशी उठली. चेहरा पांढराफटक, पण जीभ जागेवर. "मंग आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "कार्ड दहा रुपयांचं निघालं."

मग मात्र मावशीनं सगळं सांगितलं. लग्न कसं लागलं, पांढरी साडी कुणी आणली, त्रिशरण कुणी म्हटलं, सासरा गावात कुठल्या विहिरीवर पाण्याला जाऊ शकत नव्हता आणि कुठल्या साली पहिल्यांदा गेला. न थांबता बोलत होती. साहेब भराभर लिहीत होते. शेजारपाजारचे म्हातारे बोलावले, त्यांनी दुजोरा दिला. जाताना मावशीनं साहेबांना चहा विचारला. ते म्हणाले, "नको. तुमचा संशय जाऊ दे, मग येईन."

मुदत संपायच्या आत पूर्वाचा दाखला आला. पोरगी रडली, पोपटमामा रडला. मावशी रडली नाही. दाखला तिनं उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितला, शिक्क्यावर अंगठा घासून बघितला, आणि चप्पल घालून तडक समाजमंदिराकडं निघाली. काय होतंय बघायला मीही मागं गेलो.

सरोजिनीबाई फावडी मोजून टेम्पोत ठेवत होत्या. मंडळी दुसऱ्या वस्तीकडं निघाली होती.

"खरं सांग," मावशीनं थेट विचारलं. "का बोललीस माज्या बाजूनं? तुजं काय हाय त्यात?"

"विचारलं ते खरं सांगितलं."

"खरं सांगून कुनाला काय मिळालंय आजपातूर?"

बाई फावडं टेकवून उभ्या राहिल्या. "माझा आजा तुमच्यातलाच, राहुरीचा. त्यानं ख्रिस्त घेतला. गावकुसाबाहेरचा होता, तो तिथंच राहिला, पण सवलत गेली. माझ्या पोराला मार्क होते, जागा नव्हती. तो आज कुरिअरच्या गाडीवर आहे. पोरीची जागा जाते म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको."

मावशी म्हणाली, "मंग सोडून दे की."

"काय?"

"त्यो तुजा देव. पोराला सवलत मिळंल."

"सवलतीसाठी देव सोडू? आणि तू काय सवलतीसाठी धरून बसलीस?"

मावशी अशी उसळली की मला वाटलं आता फावडंच उचलते. "आमच्या बापजाद्यांनी मानूस व्हायला धम्म घेतला! सवलत मागनं आली!"

"मग झालं तर. माझ्या आज्यानंपण माणूस व्हायलाच घेतला होता."

मावशी वळली, चार पावलं गेली, परत आली.

"पोरीचे पेढे हायेत सांजच्याला. यायचं तर ये. पन घरात पराथना करायची न्हाय, सांगून ठिवते."

"मनातल्या मनात केली तर?"

"तुज्या तोंडाकडं बगत बसंन मी," हिरामावशी म्हणाली. "एक व्हट हालला ना, पेढा माघारी घीन."