दारावरची रेघ

हल्ली ट्रकच्या दारावर चिकट कागदाची कापलेली अक्षरे डकवतात. माझ्या काळी ती हाताने लिहावी लागत. मी ते काम चाळीस वर्षे केले. अक्षर लिहिणे कठीण नाही. लिहिलेले काढून टाकणे कठीण आहे. हे मला उशिरा कळले, आणि कळले तेही स्वतःच्याच कामावरून.

मलकापूरला हमरस्त्याच्या कडेला, एका टायरवाल्याच्या टपरीला लागून, माझे पत्र्याचे छप्पर होते. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षे झाली होती. हंगामात रुईच्या गाठी भरलेले ट्रक रांगेने उभे असत आणि त्यांतले निम्मे माझ्या हातचे असत. माझे अक्षर इतरांपेक्षा रेखीव दिसे. त्याचे कारण मी कोणाला सांगितले नव्हते. पोती शिवायचा एक पोलादी दाभण माझ्या डब्यात असे. खडूने अक्षर आखून झाले की मी त्याच्या कडेने दाभणाची बारीक रेघ ओढत असे, थेट पत्र्यापर्यंत. रंग त्या रेघेशी थांबे आणि कड सुरीने कापल्यासारखी येई. दरसाल दिवाळीनंतर मालक अक्षरे उजळायला गाडी आणत, तेव्हा नवी आखणी लागत नसे. रेघेच्या आत ब्रश फिरवला की काम संपे. दुसऱ्या पेंटरला त्या रेघा आड येत. म्हणून गिऱ्हाईक माझ्याकडेच परत येई. मला या युक्तीचा अभिमान होता.

मी मालकांना सांगत असे की अक्षरांना रॉकेलचा बोळा लावू नका, धुण्याच्या सोड्याने धुऊ नका, जवसाच्या तेलाचे फडके आठवड्यातून एकदा फिरवा. फार थोडे ऐकत. ज्या एका अडत्याने ऐकले, त्याच्याच ट्रकची ही हकीकत आहे.

पौषातल्या एका सकाळी तो ट्रक माझ्यापुढे येऊन थांबला. आतून अडत्या उतरला नाही. एक थोराड ड्रायव्हर उतरला. अठरा वर्षे त्याने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या आणि आता ही जुनी गाडी स्वतःसाठी घेतली होती. दारावर मात्र अजून अडत्याचे नाव होते.

"मिस्तरी, हे नाव काढा आन् माहं घाला," तो म्हणाला. "उद्या दहा वाजता बुलढान्याले तपासनीचे साहेब येऊन राह्यले. मागच्या महिन्यात मले वापस पाठवलं. म्हने, दारावर नाव दुसऱ्याचं, अन् कागद तुह्या नावाचे कसे करू?"

"आणि उद्या नाही झाले तर?"

"तं गाडी गेली. शेठनं सांगितलं, उद्या दिवस बुडेलोक कागद झाले तं गाडी तुही. नाही तं दुसरा गिऱ्हाईक उभाच आहे." तो थांबला. "अठरा वर्सं झाले, मिस्तरी. पुन्हा अशी गाडी मले कोन देते?"

मी म्हणालो, दुपारपर्यंत होईल. त्यात मला शंका नव्हती.

कॉस्टिक सोड्याचे पाणी करून मी बोळ्याने दारावर चढवले. पिवळी अक्षरे सुरकुतली आणि ओघळून खाली आली. दोन बादल्या पाणी ओतून मी दार फडक्याने कोरडे केले व मागे सरकून पाहिले. अडत्याचे नाव जिथल्या तिथे होते. अक्षरांखालचा हिरवा रंग सात वर्षे ऊन न लागल्याने ताजा राहिला होता. ते एक वेळ रंगाखाली झाकता आले असते. पण प्रत्येक अक्षराभोवती माझी रेघ होती, आणि रेघेत गंज धरला होता. खाली कोपऱ्यात मी लहानशी खूण कोरत असे. तीही स्पष्ट उमटली होती.

टायरवाला हातातली पहार टेकून पाहत होता. "शेठ तं गाडीतून उतराले तयारच नाही बे!" तो ओरडला.

ड्रायव्हर हसला नाही. तो दाराजवळ आला. त्याला आकडे तेवढे वाचता येत, बाकी अक्षरओळख नव्हती. पण रेघ दिसायला वाचता यावे लागत नाही. त्याने तिच्यावरून नख फिरवले.

"काऊन हो मिस्तरी, हे कोनं कोरून ठेवलं?"

"आधीच्या पेंटरने," मी म्हणालो.

टायरवाल्याने कोपऱ्यातल्या खुणेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि तो आपल्या टायरकडे वळला. 

मी घासकागद घेतला. रेघ खोल होती. पत्रा झिजत होता, ती जात नव्हती. मग तिच्यात लांबी, म्हणजे खडूचा आणि तेलाचा लगदा, भरली. तेलातली लांबी वाळायला दोन दिवस घेते आणि माझ्याजवळ अर्धा दिवस होता. टायरवाल्याची शेगडी मागून आणून दारापुढे धरली, तर लांबीला तडे गेले. ती खरवडून पुन्हा पातळ भरली. ड्रायव्हर दर घटकेला सूर्याकडे पाही, मग माझ्याकडे. चार वाजता मी ओल्याच लांबीवर हिरवा रंग ओढला. दिवस मावळायच्या सुमारास, तो पुरता वाळला नसतानाच, त्यावर पिवळ्याने नवे नाव लिहिले.

"माहं नाव कुठून कुठलोक आहे?" त्याने विचारले.

मी बोटाने दाखवले. त्याने तळहात नावापासून बोटभर अंतरावर धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. रंगाला हात लावला नाही.

पहाटे मी रंगांचा डबा घेऊन त्याच्याबरोबर निघालो. रंग अजून चिकट होता आणि राजूरच्या घाटात धूळ फार. दोन काठ्यांना धोतराचा तुकडा बांधून तो मी खिडकीतून दारापुढे धरला होता. चढावर पुढे एक बैलगाड्यांची रांग लागली. ड्रायव्हर तिच्यामागे, धुळीपासून अंतर राखून, सावकाश गाडी चढवत राहिला. नऊ वाजता आम्ही बुलढाण्याला पोहोचलो. माझा हात बधिर झाला होता. धूळ बसली नव्हती.

पण उन्हाचा विचार मी केला नव्हता. छपराखाली दार सपाट दिसत होते. इथे मैदानात सकाळचे तिरपे ऊन थेट दारावर पडले होते. लांबी सुकून खाली बसली होती आणि रेघ वर आली होती.

तपासणीच्या साहेबांनी चष्मा काढला आणि बाजूने वाकून दार पाहिले. "इथे दोन नावे आहेत," ते म्हणाले.

"साहेब, ते आधीच्या पेंटरनं कोरून ठेवलं," ड्रायव्हर पुढे होऊन म्हणाला. "हे मिस्तरी काल दिवसभर घासून राह्यले. जेवलेबी नाही बिचारे. त्यायचा काही दोष नाही, साहेब."

मी गप्प राहिलो असतो तर बोलणे तिथेच संपले असते. साहेबांनी फायलीत नामंजुरीचा शेरा मारण्यासाठी पेन उघडले होते.

"आधीचा पेंटर मीच आहे," मी म्हणालो. "रेघ माझी आहे. या माणसाचा यात संबंध नाही. मला आज दिवसभराची मुदत द्या."

साहेबांनी पेन बंद केले. "मी इथून चार वाजता उठतो," ते म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

ड्रायव्हर माझ्याकडे पाहत राहिला. त्याने शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. तो म्हणाला, "काय करता आता?"

"दार झाकायचे."

बाजारातल्या एका कारागिराकडून जस्ती पत्र्याची पाटी कापून घेतली आणि रिबिटा मारून दारावर बसवली. नवा जस्ती पत्रा रंग धरत नाही. चिंचेच्या कोळाने तो घासून, धुऊन, पुसून घेतला. लवकर वाळावा म्हणून रंगात पेट्रोल मिसळले; त्याने चमक जाते, पण इलाज नव्हता. खडूने आखून झाल्यावर सवयीने माझा हात डब्यात गेला. ड्रायव्हरने वाकून माझ्या आधी दाभण उचलला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"हे नाही," तो म्हणाला.

मी रेघेशिवाय लिहिले. कड थोडी हलली. नंतर एक-दीड तास आम्ही दोघे दाराशी उभे होतो. तो धुळीच्या बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. 

चाराच्या सुमारास साहेब आले. त्यांनी बाजूने वाकून पाहिले, मग शेवटच्या अक्षरावर अंगठा दाबला. अंगठ्याला किंचित पिवळे लागले. ते रुमालाला पुसून त्यांनी सही केली. दिवस बुडायच्या आत ड्रायव्हरने मलकापुरात अडत्यापुढे कागद ठेवले. मग माझ्या छपरापाशी गाडी थांबवून त्याने खिशातून दाभण काढला, मला परत दिला आणि निघून गेला.

तो पुन्हा येणार नाही असे मी धरून चाललो होतो. दिवाळीनंतर तो आला. अक्षरे उजळायची होती. त्याने जवसाचे तेल न चुकता लावले होते. मी डबा उघडला तेव्हा त्याने हात पुढे केला. मी दाभण त्याच्या तळहातावर ठेवला. काम संपल्यावर त्याने तो परत दिला. दुसऱ्या वर्षी तसेच झाले, तिसऱ्या वर्षीही.

रेघ ओढणे मी केव्हाच सोडले होते. दाभण आता फक्त डब्यांची झाकणे उचकटण्यापुरता राहिला होता. आठव्या की नवव्या वर्षी मी त्याला म्हणालो, "आता तरी विश्वास ठेवा."

"इस्वास आहे, मिस्तरी," तो म्हणाला. "नाही तं तुमच्याकडं आलो असतो का?"

आणि हात तसाच पुढे ठेवला.