ओळखते म्हणून सही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुला सांगते — थांब, नीट सुरुवात करू दे.

मी अमरावतीला वकिली करते. संध्याकाळी राजापेठेतल्या एका क्लासमध्ये पोरांना राज्यघटना शिकवते. तोंड चालतं माझं, चांगलंच चालतं. कलम एकवीस आलं की टेबलावर हात आपटून सांगते — पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं ठरवायचं, सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलंय. क्लासवाल्यांनी त्याचा व्हिडिओही टाकला.

तो पाहून पल्लवी अकोल्याहून आली.

पल्लवी म्हणजे माझा धाकटा भाऊ — बघ, अजून जीभ वळत नाही. बहीण. हिवरखेडला असताना माझी ओढणी घेऊन आरशासमोर उभी राहायची, अन् रिबिनी मीच बांधून द्यायची. पुढं बाबांनी तिला घराबाहेर काढलं. मी गप्प. पण ते सोड, ते सगळ्यांना माहीत आहे.

तिला नर्सिंगला प्रवेश हवा होता, स्वतःच्या नावानं. त्यासाठी तृतीयपंथी असल्याचं कलेक्टर ऑफिसचं प्रमाणपत्र, त्यासाठी प्रतिज्ञापत्र, अन् त्याखाली वकिलाची सही — यांना मी ओळखते. खरं सांगू? ही सही आम्ही कुणासाठीही करतो. माणूस अचलपूरचा असो की आणखी कुठला, आधार कार्ड पाहायचं अन् सही ठोकायची. दिवसाला दहा-बारा होतात.

बाररूमच्या दाराशी ती उभी राहिली. हिरवी साडी, हातात कागद. "ताई, तुहीच सही पाहिजे मले."

आत चार वकील चहा पीत होते. बस, एवढंच. कुणी व्याही नव्हता, कुणाचं लग्न मोडणार नव्हतं. एकानं सहज विचारलं, "कोण हो मॅडम?"

"काय माहीत," मी म्हटलं. "मी नाही ओळखत यांना."

यांना! पाठच्या भावंडाला!

ती रडली नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं — का? मला सोपं गेलं असतं म्हणून? शेजारच्या टेबलावर एक नवखा वकील होता. त्यानं तिच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. सही केली, ओळखतो म्हणून. मी पाठ फिरवून कसलीशी फाईल चाळत होते.

त्या संध्याकाळी क्लास घेतला. कलम एकवीसच होतं. आवाज जरा जास्तच चढला असेल. लाज? तेव्हा वाटली नाही. तेच आता खातं मला.

पल्लवी नर्स झाली. माझ्याशी बोलत नाही, आईशी बोलते. मागच्या रविवारी आईचा फोन आला. म्हणाली, "तू होती म्हणून पोरीचं काम झालं व माय. तिनंच सांगितलं मले, ताईनं सही देली."

मी म्हटलं, "हो."