स्टिअरिंग दुरुस्त झालं आणि हॉर्न बोलू लागला

मंडळी, आधीच सांगते… भुतंखेतं, भानामती, करणी यांतल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. अख्खी नोकरी मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात घालवली. चूक दिसली की तिचं कारण सापडेपर्यंत मला जेवण जात नाही. या ग्रुपवर कुणाला पांढऱ्या साडीतली बाई दिसली की मी खाली 'चष्म्याचा नंबर तपासून घ्या' असं लिहून मोकळी होते, हे जुन्या सभासदांना माहीत आहेच. तर आता तुमची पाळी. उडवा माझी टर.

स्थळ – हैदराबाद, चिक्कडपल्ली. काळ – नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं. आमचं घराणं निजामाच्या वेळेपासून इथलंच. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि भांडायला दख्खनी, अशी आमची वाटणी. तेव्हा रस्त्यावर नवनवीन चकचकीत गाड्या दिसायला लागल्या होत्या, आणि जिकडेतिकडे कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या. मीही संध्याकाळी एका क्लासला जायची. तो संपला आणि शहरात नवीनच निघालेल्या एका कंपनीने मला घेतलं. सोमवारी जॉइन व्हायचं होतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात स्थळ आलं. समीर – पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, अमेरिकेला निघालेला. तिकडे बायको म्हणून मिळणाऱ्या व्हिसावर गेलं की नोकरी करता येत नाही, घरीच बसायचं, हे मी क्लासमधल्या मुलींकडून ऐकलं होतं. पण अण्णा, म्हणजे माझे वडील, रिटायर व्हायला आले होते आणि या स्थळाने इतके खूश होते की चालताना शीळ घालायचे. त्यांचा हिरमोड करायची मला हिंमत नव्हती. ठीक आहे, हो म्हणून टाकू… असं मनाशी ठरवून मी गप्प बसले होते.

आता गाडी. अण्णांनी त्यांच्या साहेबांकडून घेतलेली जुनी, सायीच्या रंगाची, पुढे सलग सीट असलेली गाडी. तिचे डॉक्टर म्हणजे मलकपेठचे कुद्दूसभाई. त्यांच्या हाताला यश होतं, पण त्या यशाला शेपूट होतं. एक गोष्ट दुरुस्त झाली की दुसरी बिघडायचीच. ब्रेक नीट केले तर डिकी उघडेना. सायलेन्सर बदलला तर दार आपटलं की वायपर एकदा फिरून यायचा. आई म्हणायची, मेकॅनिक बदला. अण्णा म्हणायचे, "अगं, तो माणूस चहा पाजल्याशिवाय बॉनेट उघडत नाही. असा मेकॅनिक मिळतो का आता?"

पाहुण्यांना गाव दाखवायचं म्हणून अण्णांनी स्टिअरिंगचं काम काढलं. चाक अर्धं फिरवलं तरी गाडी सरळच जायची, एवढं ते ढिलं झालं होतं. कुद्दूसभाईंनी ते छान घट्ट केलं. आणि घरी येताना हॉर्न आपोआप वाजला.

दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर मीही मलकपेठला गेले. इंजिन चालूच होतं. कुद्दूसभाईंनी स्टिअरिंगवर कान ठेवला, खाली वाकून बघितलं.

"वायर कहीं बॉडी को लगरा हुंगा साब. लेकिन मैं पूरा वायर नवा डाला ना…"

पींऽऽ!

कुद्दूसभाई दचकले. अण्णांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग हळूच म्हणाले, "मतलब… आधा नवा."

हॉर्न गप्प.

अण्णा खो खो हसले. मीसुद्धा. योगायोग म्हणतात तो हाच, एवढं मनात येऊन विषय संपला. कुद्दूसभाईंनी टेप गुंडाळली आणि म्हणाले, "अब बिलकुल फिकर नक्को करो." यावरही हॉर्न वाजला, पण आम्ही तोवर वळणावर होतो.

शनिवारी समीर आणि त्याची आई त्यांच्या अंबरपेठच्या नातेवाइकांकडे उतरले होते. आम्ही त्यांना घ्यायला गेलो. पुढे अण्णा आणि समीर, मागे आई, मी आणि समीरच्या आई. त्यांना मी काकू म्हणत होते. आधी हुसेनसागर तलावातला बुद्धाचा पुतळा दाखवायचा, मग घरी जेवण, असा बेत.

मंडळी, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात काय काय बोललं जातं हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात कुणी कुणाला फसवत नसतं, ती एक रीतच आहे. पण ही रीत त्या गाडीला कुणी सांगितली नव्हती.

काकू म्हणाल्या, "आम्हाला काही म्हणता काही नको हो. मुलगी आणि नारळ!"

पींऽऽ!

आई म्हणाली, "घरी खुबानी का मीठा केलाय. सगळं वैशूनेच केलंय." (वैशू म्हणजे मी, आणि तो जर्दाळूचा गोड पदार्थ आबिद रोडच्या हॉटेलातून आणला होता आणि आणायलाही अण्णा गेले होते.)

पींऽऽ! पींऽऽ!

"गाडीला जरा सर्दी झालीय," अण्णा म्हणाले. "आमची वैशू मात्र अगदी शांत. आवाज म्हणून ऐकू येत नाही घरात."

यावर हॉर्न असा वाजला की चौकातल्या पोलिसाने आमच्याकडे बघून हात जोडले. समीर खिडकीबाहेर बघत हसू दाबत होता. मुलगा खरंच चांगला होता, खोटं कशाला बोलू! त्याने अख्ख्या प्रवासात दोनच वाक्यं उच्चारली – "मला बटाटा आवडत नाही" आणि "इथे ऊन फार आहे". दोन्ही वेळा हॉर्न शांत राहिला.

तोवर मला गंमत वाटत होती. मग काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "लग्नानंतर नोकरी करायची असेल तर खुशाल कर बरं का. आमची काही ना नाही."

हॉर्न लांबच लांब वाजला. मी हळूच हात सोडवून घेतला.

जेवणं झाली. खुबानी का मीठा माझ्या नावावर जमा झाला. संध्याकाळी पाहुण्यांना अंबरपेठला सोडून आम्ही तिघं परत निघालो. आता मी पुढे बसले होते, आई मागे. बरकतपुऱ्याजवळ आल्यावर अण्णांनी शीळ थांबवली.

"मग वैशू? त्यांना तू पसंत आहेस. तुला?"

"हो अण्णा. मलाही पसंत आहे."

हॉर्न सुरू झाला आणि थांबेचना. अण्णांनी गाडी कडेला घेतली. किल्ली काढून हातात घेतली – तरी चालूच! स्टिअरिंगवर थापा मारून झाल्या. इराणी हॉटेलातली माणसं कप घेऊन बाहेर आली. एकजण ओरडला, "क्या साब, बरात किधर है?"

अण्णांनी हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मलकपेठचं ते "आधा नवा" त्यांनाही आठवलं असणार. त्या गोंगाटात ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खरं सांग बेटा."

मला रडू फुटलं. "अण्णा, मुलगा चांगला आहे. पण मला सोमवारी कामावर जायचंय. मला आत्ता कुठेही जायचं नाहीये."

हॉर्न बंद. एकदम. कान झिणझिणायला लागले एवढी शांतता.

मागून आई म्हणाली, "झालं! म्हणजे आता गाडीला विचारून मुलींची लग्नं ठरवायची का?"

"गाडीला कुठे विचारलं? मुलीला विचारलं," अण्णा म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "मला काही वाईट वाटलेलं नाही हं."

पीं.

अगदी छोटासा. आधी आई हसली, मग मी, आणि शेवटी डोळे पुसत अण्णाही. माझ्या वडिलांना वाईट वाटलंय हे मला कळलं, आणि त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला म्हणून ते मला इतके आवडले की काय सांगू.

आता कारणमीमांसा. वायर बॉडीला टेकत होती, खड्ड्याचा किंवा चालू इंजिनाचा हादरा बसला की वाजायची – मान्य. गाडीला बॅटरी असते, किल्ली काढली तरी हॉर्न वाजू शकतो – तेही मान्य. पण हादरे नेमके वाक्याच्या शेवटी कसे बसले? कुद्दूसभाईंनी नंतर सगळं स्टिअरिंग सोडवून बघितलं. कुठेच काही टेकलेलं नव्हतं. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले आणि त्या दिवशी चहा न पाजताच आम्हाला वाटेला लावलं.

एक सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी घरासमोर गाडी थांबल्यावर आई उतरून कुलूप काढायला गेली. इंजिन चालूच होतं. अण्णा म्हणाले, "तू सोमवारी जा कामावर. नातेवाईक काय बोलायचं ते बोलोत, मी आहे." मी कान टवकारून बसले होते. हॉर्न वाजला नाही.

आता गंमत अशी की दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तरी तो वाजेना. कायमचा गेला होता. म्हणजे अण्णा बोलले तेव्हा तो जिवंत होता आणि गप्प राहिला, की आधीच मेला होता, हे मला माहीत नाही. माझ्यातली टेस्टर म्हणते, पुरावा नाही. पण सोमवारी सकाळी काकांचा आणि मावशीचा फोन येऊन गेला, आणि दोघांनाही उत्तर अण्णांनीच दिलं. मग हॉर्न नसलेल्या त्या गाडीतून, खिडकीबाहेर हात काढून लोकांना ओरडून बाजूला करत, ते मला ऑफिसच्या दारापर्यंत सोडून आले.