अक्काचा अंगठा

माणूस भेटला की लोक नमस्कार करतात. अक्का अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून बघायची. "बरी आहे म्हणतेस? बघू."

बंगळुरात आमच्या घरामागे राहणारी ही प्रसूतिगृहातली नर्स. तिच्या घराण्याचं मराठी तीनशे वर्षं कानडीच्या शेजारात मुरलेलं. विश्वास ठेवणं मात्र तिला कुठल्याच भाषेत जमलं नाही. चिकपेटेत साडी घेताना ती पदराचं टोक ओलं करून रुमालावर घासायची. तुमच्याही शेजारी असं कुणी असेल आणि तुम्ही त्याला टाळत असाल. मीही टाळायची.

लग्नाला वर्ष झालं होतं. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून आलो होतो, सासूबाई सोवळ्याओवळ्यासकट. पाळी आली म्हणून मी मागच्या पडवीत बाजूला बसले होते. पोटात कळा येत होत्या.

"पाळीत दुखायचंच," सासूबाई लांबूनच म्हणाल्या.

कुंपणापलीकडून अक्काने विचारलं, "वेळेवर आली का गं?"

"दहा दिवस उशिरा. तेही नुसते काळपट डाग."

ती तडक पडवीत आली.

"शिवू नका, ती बाहेरची आहे," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच कोणी बघितलं नाही, अम्मा." तिने माझी पापणी ओढली. आतून पांढरीफटक, अंगात रक्तच नसल्यासारखी. "खांदा दुखतो?"

दुखत होता. पोटदुखीशी खांद्याचा काय संबंध, म्हणून मी बोलले नव्हते.

"सरी, कळलं. उठू नको. स्वल्प थांब, गाडी आणते."

इस्पितळात तरुण डॉक्टरही म्हणाले, पाळीच आहे. पोटात डोकावणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं, अक्काचा संशय होता. तिने हट्टाने पोटात सुई घालायला लावली. सुईत रक्त आलं. ते काचेच्या नळीत घेऊन ती घड्याळाकडे बघत उभी राहिली.

"गोठत नाही, डॉक्टर. शिरेतलं असतं तर गोठलं असतं. हे पोटात साचलेलं आहे, म्हणून खांदा दुखतोय."

गर्भ पिशवीत न रुजता बीजनलिकेत रुजला होता आणि ती नलिका फुटली होती. लगेच ऑपरेशन झालं, म्हणून मी वाचले.

सासूबाईंनी मला पुन्हा कधी बाजूला बसवलं नाही. अक्का दिसली की त्या आपणहून पापणी खाली ओढून तिच्यापुढे उभ्या राहत.

अक्का जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या लेकीला दिवस गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर तांदळाएवढा ठिपका दाखवला. "अगदी जागेवर आहे, आई. काळजी नको."

मी मान डोलावली. बाहेर आल्यावर लेकीला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली. छान लाल होती. मग मला रडू आलं.